उशाशी बसणाऱ्याची शुश्रूषा

घरातील कोणी दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळले, की भेटीस येणारा प्रत्येकजण आजाऱ्याची प्रकृती कशी आहे ते विचारतो. उशाशी बसणाऱ्याची प्रकृती कशी आहे, हे मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. तो स्वतःही स्वतःस विचारीत नाही. कर्करोग हाताबाहेर गेलेल्या रोग्याच्या घरी तर ही उपेक्षा महिनोन्महिने चालते. त्या दुसऱ्या माणसाकडे आपल्या व्यापारी बंधुभगिनींचे लक्ष वेधावे, हा या लेखाचा हेतू आहे. त्याने स्वतःस जपणे हा स्वार्थ नव्हे. रोग्याच्या उपचाराचाच तो एक भाग आहे, आणि आपल्या शास्त्रातही त्यास आधार आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वाळपईसारख्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणू. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वडिलांचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे. मुलगा सकाळी दुकान उघडतो आणि तपासणीच्या दिवशी ते बंद ठेवून वडिलांना बांबोळीच्या इस्पितळात नेतो. होंडा, साखळी, डिचोली करीत जाणारी ही वाट सुमारे पन्नास किलोमीटरांची; परंतु जाणे, रांगेत बसणे आणि परतणे यांत सबंध दिवस सरतो, आणि सत्तरीतला पाऊस लागला म्हणजे तो दिवस अधिकच लांबतो. वरच्या मजल्यावर सून असते. औषधे वेळेवर देणे, पाठीस व्रण पडू नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने कूस बदलून देणे, तोंड स्वच्छ करणे, पातळ अन्न भरविणे आणि रात्री कण्हण्याचा आवाज आला की उठणे, हे सारे तिच्याकडे. संघटनेच्या सभासदांच्या यादीत तिचे नाव नसते. पण दुकानाचे दार उघडे राहते ते पुष्कळसे तिच्या बळावर.

अशा घरात काही महिन्यांनी काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. झोप तुकड्यातुकड्यांनी होऊ लागते. उचलण्याबसविण्याने कंबर धरते. जेवण उभ्याउभ्याने आणि वेळी-अवेळी होते. स्वतःच्या रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या राहून जातात. क्षुल्लक कारणावरून मुलांवर राग निघतो आणि मागाहून त्याचा पश्चात्ताप होतो. कधी कधी, ‘आता हे संपावे’ असा विचार मनात चमकून जातो, आणि तो आल्याबद्दल माणूस स्वतःस पापी समजू लागतो. वस्तुतः हा विचार थकव्याची हाक असतो; त्यात द्वेष नसतो. तो पुष्कळांच्या मनात येतो, फक्त बोलून कोणी दाखवीत नाही.

हा थकवा केवळ मनाचा असतो असेही नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्ध माणसांची चार वर्षे पाहणी करण्यात आली. ज्यांस त्या सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचा धोका, अशी सेवा न करावी लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणजे एका आजाऱ्याची काळजी घेता घेता घरात दुसरा आजारी तयार होत असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर ही दुकानदारी नफ्यातून न चालता भांडवल खाऊन चालते. कीर्दीत ते दिसत नाही. दिसते तेव्हा हाती काही उरलेले नसते.

येथे कोणी म्हणेल की, सेवा हे तप आहे आणि तपात स्वतःचा विचार कसला? हा प्रश्न गंभीर असून त्याचे उत्तर शास्त्रातच आहे. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे, आणि तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्यास पात्र म्हणून जे दहा सांगितले आहेत, त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रुग्णही आहे. तो विचार मुख्यतः साधुसंघास अनुलक्षून असला, तरी गृहस्थाने त्यापासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. त्याच ग्रंथात तीर्थंकर नामकर्माची जी सोळा कारणे दिली आहेत, त्यांत वैयावृत्त्य आहे आणि त्याच मालिकेत त्याग व तप ‘शक्तितः’, म्हणजे आपल्या शक्तीनुसार, करावे असेही आहे. सेवा आणि शक्तीची मर्यादा ही दोन्ही अशी एकाच ओळीत बसलेली आहेत. शक्ती चोरू नये आणि शक्तीबाहेरही जाऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ आम्हांस वाटतो.

आजाऱ्यास बरे वाटावे म्हणून घरातील स्त्रिया पुष्कळदा उपवास व आयंबिले वाढवितात. भावना वंदनीय आहे. परंतु रात्री चार वेळा उठणाऱ्या देहावर हा दुसरा भार पडतो. प्रत्याख्यान घेताना आगार ठेवण्याची आपली जुनी रीत आहे, आणि चित्ताची समाधी टिकावी म्हणून ठेवलेला आगारही त्यांत आहे. तेव्हा शुश्रूषेच्या काळात कोणते व्रत किती पाळावे, हे गुरुमहाराजांस किंवा घरातील जाणत्यांस विचारून ठरवावे. एकट्याने मनाशी कठोर होऊ नये.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. पहिली गोष्ट वेदनेची. उशाशी बसणाऱ्यास सर्वांत अधिक खचविणारी गोष्ट म्हणजे आपल्या माणसाच्या वेदना हतबलपणे पाहणे. म्हणून रोग्याच्या वेदनांचा बंदोबस्त हाच शुश्रूषा करणाऱ्याचाही पहिला उपचार होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिचे एक मुख्य सूत्र असे की, वेदना उठण्याची वाट न पाहता औषध घड्याळाप्रमाणे द्यावे. तीव्र वेदनांसाठी दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनविषयी अनेक घरांत भीती असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मानाने दिलेल्या मॉर्फिनमुळे रोगी सहसा व्यसनाधीन होत नाही. मात्र त्याने मलावरोध होतो, म्हणून त्यावरचे औषध आरंभापासूनच डॉक्टरांकडून मागून घ्यावे. हे औषध मिळविण्यातील कायद्याच्या अडचणी कमी व्हाव्यात म्हणून भारतात २०१४ साली संबंधित कायद्यात दुरुस्तीही झाली आहे.

दुसरी गोष्ट मदत मागण्याची. उपशामक चिकित्सा, म्हणजे रोग हटविण्यापेक्षा त्रास हटविण्याकडे लक्ष देणारी चिकित्सा, ही केवळ शेवटच्या दिवसांसाठी असते हा समज चुकीचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या ज्या रोग्यांस नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच अशी चिकित्सा मिळाली, ते अधिक सुखात तर राहिलेच. शिवाय इतरांच्या ८.९ महिन्यांच्या तुलनेत त्यांचे आयुष्यही ११.६ महिने भरले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन ही अशा रोग्यांसाठी आपल्या देशात निघालेली पहिली संस्था, आणि तिची शाखा आपल्या गोव्यात लोटली येथे आहे. अशा ठिकाणी आपले माणूस ठेवणे म्हणजे त्यास टाकून देणे नव्हे. घरी जे साधत नाही ते जाणत्या हातांकडे सोपविणे, हेही सेवेचेच एक रूप आहे.

तिसरी गोष्ट दिनक्रमाची. रात्रीची जागरणे एकाच व्यक्तीकडे सतत ठेवू नयेत. दोघांत वाटून प्रत्येकास निदान काही तास सलग झोप मिळेल असे करावे. रोग्यास उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे व दोघांनी मिळून उचलावे. औषधांच्या वेळा आणि डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न एका वहीत लिहावेत, म्हणजे डोक्यावरचा भार कागदावर उतरतो. त्या वहीच्या पहिल्याच पानावर शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या स्वतःच्या गोळ्या लिहून ठेवाव्यात. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे आपणांस परंपरेने दिलेलीच आहेत. तेवढा वेळ दुसऱ्या कोणी रोग्याजवळ बसावे आणि तिला वा त्याला ते निश्चिंतपणे करू द्यावे. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करण्यात कमीपणा मानू नये.

चौथी गोष्ट गुपिताची. पुष्कळ घरांत रोगाचे नाव आजाऱ्यापासून आणि शेजाऱ्यांपासून लपविले जाते. ते लपविण्याचे काम रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्यासच करावे लागते. रोग्यास किती व केव्हा सांगावे हे त्याचा कल पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे; पण ज्याच्याजवळ सारे बोलता येईल असे निदान एक तरी माणूस शुश्रूषा करणाऱ्यास हवे.

आता आपल्या संघटनेचे कर्तव्य. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कामातून पुढे शेजारधर्माची एक चळवळ उभी राहिली. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्या साध्या नागरिकांस थोडे शिक्षण देऊन तीत घेण्यात येते, आणि ते आपल्याच भागातील रोग्यांच्या घरी जातात. आपणांस हे अशक्य आहे काय? सभासदाच्या घरी असे दुखणे आले, तर तपासणीच्या दिवशी त्याचे दुकान शेजारच्या दुकानदाराने पाहावे. घाऊक व्यापाऱ्यांनी उधारीची मुदत न मागता वाढवावी. ज्याची गाडी बांबोळीकडे जाणार असेल त्याने तसे आधी कळवावे. आणि आपल्या घरच्या स्त्रियांनी आठवड्यातून दोन तास त्या बिऱ्हाडात जाऊन बसावे. रोग्याची विचारपूस करावयास नव्हे, तर सुनेस झोपू देण्यासाठी. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हटल्याने कोणी सांगत नाही. ‘बुधवारी तीन वाजता मी येतो’ असे म्हणावे.

रोग्याच्या निधनाबरोबर हे काम संपते असेही नाही. भेटीस येणाऱ्यांची गर्दी काही दिवसांत ओसरते, आणि मग जिचा सारा दिवस औषधांच्या वेळांनी बांधलेला होता तिला हात रिकामे झाल्यासारखे वाटतात. रात्री ठराविक वेळी जाग येते. आपण काही कमी तर केले नाही ना, हा प्रश्न छळीत राहतो. त्या दिवसांत दुकानाच्या जिन्याने वर जाऊन, ‘तुम्ही कशा आहात?’ एवढे विचारणारा कोणी असावा. आमची सर्व व्यापारी बंधुभगिनींस विनंती एवढीच की, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत राखून न ठेवता दुखण्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारण्यास प्रारंभ करावा.