कृपादाने : प्रत्येकाच्या वाट्याची सेवा

ख्रिस्ती मंडळीचे काम पाळक किंवा धर्मगुरूंनी चालवायचे आणि इतर सभासदांनी रविवारी उपासनेला हजर राहायचे, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ख्रिस्ती शिकवण याहून वेगळी आहे. प्रत्येक श्रद्धावंताला देवाकडून काही ना काही देणगी लाभलेली असते व ती इतरांच्या सेवेसाठी वापरणे हे त्याचे कर्तव्य ठरते, असे नवा करार सांगतो. मराठी ख्रिस्ती परिभाषेत या देणग्यांना 'कृपादाने' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा'. कृपा या अर्थाच्या 'खारिस' या शब्दाशी त्याचे नाते आहे. जे कमावलेले नाही, कृपेने मिळाले आहे, त्याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही, हे या शब्दातच सूचित होते.

करिंथचा वाद

या विषयाचे सर्वांत सविस्तर विवेचन संत पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. त्यामागे एक वाद होता. अन्य भाषांत बोलण्याचे दान लाभलेले काही सभासद स्वतःला श्रेष्ठ समजू लागले होते. पौलाने त्यांना शरीराचे उदाहरण दिले. डोळा हाताला किंवा मस्तक पायाला अनावश्यक ठरवू शकत नाही; उलट जे अवयव दुर्बळ भासतात, तेच अधिक गरजेचे असतात. ज्याने मंडळीची उन्नती होते ते दान मोलाचे, ही त्याची कसोटी होती. अर्थ सांगणारा कोणी नसेल, तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने सभेत मौन पाळावे, असा व्यावहारिक नियमही त्याने घालून दिला. प्रीतीवाचून सर्व दाने व्यर्थ आहेत, हे त्याचे प्रतिपादन याच विवेचनाच्या मध्यभागी येते.

रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात शिक्षण, सेवा, उत्तेजन, दानधर्म, नेतृत्व व दया यांचा उल्लेख आहे. करिंथकरांच्या यादीत रोग बरे करण्याच्या दानाबरोबरच साहाय्य आणि व्यवस्थापन यांनाही स्थान आहे. म्हणजे हिशेब चोख ठेवणारा किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसणारा सभासदही कृपादानाचाच वापर करीत असतो.

मतभेद कायम

अद्भुत स्वरूपाची दाने प्रेषितांच्या काळाबरोबरच संपली, असे काही प्रॉटेस्टंट परंपरा मानतात. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांना हे मान्य नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०६ मध्ये लॉस एंजेलिस येथे झालेल्या जागृतींना त्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, ही दाने सर्व स्तरांतील श्रद्धावंतांना मिळतात, असे स्पष्ट केले. मात्र त्यांची पारख करण्याचा अधिकार चर्चच्या धुरीणांकडे ठेवला.

महाराष्ट्रातील उदाहरणे

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी आपली काव्यप्रतिभा उपासनेसाठी अर्पण केली. त्यांच्या अभंगांनी व भजनांनी मराठी मंडळीला आपल्या मातीतला सूर दिला. पंडिता रमाबाईंनी आपली विद्वत्ता मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यासाठी वेचली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे बायबल प्रसिद्ध झाले. त्याच्या छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. भाषांतर करणारीचे नाव इतिहासात राहिले, खिळे जुळवणाऱ्या हातांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पौलाच्या कसोटीवर मात्र दोन्ही सेवा सारख्याच.

दान ओळखायचे कसे?

गेल्या काही दशकांत यासाठी प्रश्नावल्या प्रचलित झाल्या आहेत. परंतु अशा प्रश्नावलीतून व्यक्तीची आवड कळते, तिचा इतरांना होणारा उपयोग नव्हे. त्यामुळे प्रत्यक्ष काम करून पाहणे आणि सोबतच्यांचे मत ऐकणे, हा जुनाच मार्ग अधिक खात्रीचा ठरतो. गाणाऱ्याला व्यासपीठ सहज मिळते. सतरंज्या उचलणाऱ्याकडे मंडळीचे लक्ष जाते का, हा करिंथमधला प्रश्न आजही तितकाच लागू आहे.