विलगीकरणाचे दिवस आणि रजेचा हिशेब

सुट्टी हा शब्द कानीं पडतांच ज्याचें मन उल्हसित होत नाहीं असा मनुष्य विरळा. विद्यार्थ्यांस सुट्टी शाळा देते. परंतु त्यांच्या आईवडिलांस ती मागून घ्यावी लागते, तिचे दिवस मोजके असतात, आणि ते संपल्यावर एक दिवस अधिक राहिल्यास पगार कापला जातो. घरांतील प्रवासाचा बेत मुलांच्या सुट्टीवर ठरत नसून वडील माणसांच्या रजेवर ठरतो, ही गोष्ट पुष्कळ मुलांच्या ध्यानांत येत नाहीं. एरवीं हा हिशेब वडील माणसें मनांतल्या मनांत करून मोकळीं होतात. परंतु सांथीच्या काळीं त्या हिशेबांत एक नवी रक्कम येऊन पडते. ती म्हणजे क्वारंटाइनचे, अर्थात् विलगीकरणाचे, दिवस. इ. स. २०२० च्या गणेशोत्सवांत कोकणांतील व मुंबईंतील असंख्य कुटुंबांस हा अनुभव आला. त्या प्रसंगाच्या आधारें हा विषय आमच्या वाचकांस समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. युरोपांत प्लेगच्या सांथी वारंवार येत असत. त्या काळीं, इ. स. १३७७ मध्यें, एड्रियाटिक समुद्रावरील रागूसा म्हणजे आजचें डुब्रॉव्हनिक या नगरानें असा निर्बंध घातला कीं, सांथीच्या ठिकाणाहून येणाऱ्यांनीं नगरांत शिरण्यापूर्वीं एक महिना बाहेर राहावें. पुढें ही मुदत चाळीस दिवसांवर गेली. इटालियन भाषेंत चाळिसाला ‘क्वारांता’ म्हणतात. त्यावरून क्वारंटाइन हा शब्द निघाला. तेव्हां या शब्दाच्या पोटांतच दिवसांची मोजणी आहे.

येथें एक भेद नीट लक्षांत ठेविला पाहिजे. ज्यास रोग झाला आहे त्यास वेगळें ठेवणें हा एक प्रकार. आणि ज्यास संसर्ग झाला असण्याचा केवळ संभव आहे, अशा धडधाकट माणसास कांहीं दिवस वेगळें ठेवणें हा दुसरा. क्वारंटाइन हा दुसरा प्रकार होय. रोगाचें बीज शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत जो काळ जातो, तेवढा काळ वाट पाहावयाची, हें त्यांतील तत्त्व. कोविड रोगाविषयीं २०२० च्या आरंभीं जो अभ्यास झाला त्यावरून हा काळ सामान्यतः पांच दिवसांच्या आसपास दिसून आला. ज्यांस लक्षणें दिसावयाचीं त्यांपैकीं शेंकडा साडेसत्त्याण्णव जणांस तीं साडेअकरा दिवसांच्या आंत दिसत, आणि चौदा दिवसांनंतर लक्षणें दिसणारा शंभरांत एखादाच निघे. चौदा दिवसांची जी मुदत बहुतेक देशांनीं स्वीकारली, ती या गणिताशीं जुळती होती. मुदत दहा दिवसांवर आणिली तर धोका थोडासा वाढतो; परंतु लोक ती मुदत मनापासून पाळतील हा संभवही वाढतो. डिसेंबर २०२० मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनेंही याच विचारानें दहा दिवसांची सवलत दिली.

आतां कोकणाकडे वळूं. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठीं मुंबईस येण्याची रीत फार जुनी आहे. गिरण्यांच्या काळापासून घरचा कर्ता पुरुष मुंबईस नोकरी करी आणि घर, शेत व म्हातारीं माणसें गांवीं राहत. अशा नोकरदारास कोकणांत चाकरमानी म्हणतात. त्याच्या वर्षाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या. एक शिमग्याला व दुसरी गणपतीला. कोकणांत गणपति घरोघर बसतो. पुष्कळ ठिकाणीं साऱ्या भाऊबंदांचा मिळून एकच गणपति असतो, आणि त्यासाठीं चार गांवीं पांगलेले भाऊ मूळ घरीं जमतात. कित्येक घरें वर्षभर कुलूपबंद राहून याच दिवसांत उघडतात. म्हणून चाकरमान्याची ही फेरी केवळ हौसेची सहल नव्हे. घरचा दिवा लावण्याची ती पाळी असते, आणि म्हाताऱ्या आईची वर्षांतून एकदां होणारी भेट असते.

त्या वर्षीं गणेशचतुर्थी २२ ऑगस्ट रोजीं, शनिवारीं, आली. मुंबईंत सांथ जोरांत होती. ऑगस्टच्या आरंभीं राज्यशासनानें नियम प्रसिद्ध केले. जे लोक १२ ऑगस्टपर्यंत कोकणांत पोहोंचतील त्यांनीं आपल्या घरीं दहा दिवस विलगीकरणांत राहावें. पूर्वीं ही मुदत चौदा दिवसांची होती. जे त्यानंतर निघतील त्यांनीं निघण्यापूर्वींच्या ४८ तासांत रोगाची चाचणी करून घ्यावी, आणि ती निर्दोष आल्यासच जावें. एस. टी. च्या गाडीनें जाणाऱ्यास वेगळा ई-पास नको होता. खासगी मोटारीनें जाणाऱ्यास तो काढावा लागे. बारा तारखेस पोहोंचून दहा दिवस मोजले म्हणजे बरोबर बावीस तारीख येते. कागदावर हें गणित अगदीं चोख बसलें होतें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं आतां पाटी घेऊन हेंच गणित दुसऱ्या बाजूनें करावें. असें समजा कीं, एका कारखान्यांतील कामगारास गौरीविसर्जन आटोपून, म्हणजे २७ ऑगस्टच्या रात्रीं, परत निघावयाचें आहे. नेहमींच्या वर्षीं तो एकवीस तारखेस काम सुटल्यावर रात्रीची गाडी धरता. बावीस तारखेस चतुर्थीची सुट्टी, तेवीस तारखेस रविवार. म्हणजे चोवीसपासून सत्तावीसपर्यंत चार दिवसांची रजा त्यास पुरली असती. नव्या नियमाप्रमाणें त्यास अकरा तारखेच्या रात्रींच निघणें प्राप्त झालें. बारापासून सत्तावीसपर्यंत सोळा दिवस होतात. त्यांतून दोन रविवार, पंधरा ऑगस्ट व चतुर्थी हे चार दिवस वजा केले तर बारा दिवसांची रजा उरते. चाराच्या जागीं बारा!

आतां त्याजपाशीं रजा किती होती तें पाहूं. त्या वेळीं लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणें, ज्यानें वर्षांत निदान २४० दिवस काम केलें असेल त्यास पुढील वर्षीं दर वीस दिवसांच्या कामामागें एक दिवस, याप्रमाणें भरपगारी रजा मिळे. २४० ला २० नें भागिलें असतां बारा येतात. कायद्यानें ठरविलेली ही किमान रजा सबंध वर्षाची होती, आणि ती सारी या एका फेरींत संपून जाणार होती. पुढें घरांत कोणी आजारी पडलें, कोणाचें लग्न निघालें किंवा शेताच्या कामाला जावें लागलें, तर त्यासाठीं एकही दिवस शिल्लक राहणार नव्हता. ज्याची कांहीं रजा आधींच खर्च झाली होती त्यास तर बिनपगारी राहावयाचें किंवा गणपति चुकवावयाचा, एवढे दोनच मार्ग उरले.

नियम सर्वांस एक होता, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं. ज्याचें काम लॅपटॉपवर होत असे तो गांवच्या घरांतून कचेरीचें काम करूं शकला, मग त्यासाठीं मोबाइलची लहर शोधीत टेकडीवर जावें लागो. परिचारिका, बसचा वाहक, नगरपालिकेचा सफाई कामगार यांचें काम घरीं बसून होण्याजोगें नव्हतें. शिवाय सांथीमुळें त्यांची गरज वाढली असल्यानें लांब रजा मिळणें त्यांस अधिकच कठीण. रोजंदारीवरील मजुरास रजा नाकारणारा कोणी नव्हता, परंतु दहा दिवस बसून राहणें म्हणजे त्यास दहा दिवसांची मजुरी गमावणें होतें. चाचणी करून उशिरा जावें म्हटलें तर तेंही फुकट नव्हतें. जून २०२० मध्यें शासनानें खासगी प्रयोगशाळांस या चाचणीचा जो कमाल दर बांधून दिला होता, तो नमुना केंद्रावर दिल्यास २२०० रुपये होता. घरांतील चौघांनीं जावयाचें तर केवळ चाचणीस कांहीं हजार रुपये मोडत. अशा स्थितींत बायकामुलांस आधीं पाठवून कर्त्या माणसानें मागें राहणें, पूजेचें काम गांवच्या चुलत्याकडे सोंपविणें, किंवा पांच दिवसांचा गणपति दीड दिवसांचा करणें, असे मार्ग लोकांपुढें होते. त्यांपैकीं कोणताही सुखाचा नव्हता.

यावरून कोणी असें समजूं नये कीं नियम करणारे निर्दय होते किंवा गांवकरी परके झाले होते. गांवाची बाजूही तितकीच खरी आहे. ज्या गांवांत तरुण माणसें थोडीं आणि म्हातारीं पुष्कळ, जेथून मोठें रुग्णालय अनेक कोसांवर, तेथें एका घरांत रोग शिरला तर काय होईल ही भीति पोकळ नव्हती. कारण हा रोग वृद्धांसच अधिक घातक होता. ज्या आईच्या भेटीसाठीं मुलगा येणार, तिच्याच जिवास त्याच्या येण्यानें धोका होता. दहा दिवस त्यानें एका खोलींत राहावें ही मागणी त्या आईच्याच हिताची होती. तात्पर्य, भांडण चाकरमानी व गांवकरी यांचें नव्हतें. दिवस घालविणें आवश्यक आहे हें मान्य केल्यावर, त्या दिवसांची किंमत कोणी द्यावयाची, हा खरा प्रश्न होता.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच उत्पन्न झाला असें नाहीं. त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं, शनिवारच्या संध्याकाळीं, इंग्लंडच्या सरकारनें जाहीर केलें कीं, त्याच मध्यरात्रीपासून स्पेनहून परत येणाऱ्या प्रत्येकानें चौदा दिवस घरांत राहिलें पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठीं हजारों लोक त्या वेळीं स्पेनमध्यें होते. आठवड्याची रजा काढून गेलेल्यांस एकाएकीं तीन आठवडे कामावर जातां येईना. खुद्द वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स हेही सुट्टीकरितां सहकुटुंब तेथेंच गेलेले असून परतल्यावर त्यांसही तो नियम पाळावा लागला. त्या देशांत आजारी कामगारास कायद्यानें कांहीं वेतन मिळतें. परंतु केवळ प्रवासामुळें घरांत राहावें लागणाऱ्यास तें लागू नव्हतें. वर सांगितलेल्या भेदाचें महत्त्व येथें दिसून येतें. क्वारंटाइनमधील मनुष्य आजारी नसतो, म्हणून त्यास आजारपणाची रजा नाहीं. आणि तो मोकळाही नसतो, म्हणून त्यास कामावर जातां येत नाहीं. या दोहोंच्या मध्यें जी फट राहते तींत त्याचा पगार नाहींसा होतो.

ही फट आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असें नव्हे. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला, त्या वेळीं शहरांतील सुमारें निम्मे लोक बाहेर पळाले व गिरण्यांस मजूर मिळेनासे झाले. राहिलेल्यांस टिकवून धरण्याकरितां मजुरी रोजच्या रोज चुकती करण्याची पाळी गिरणीमालकांवर आली. इंग्रजी अमदानींतील सरकारी नोकरीच्या नियमांत तर ‘क्वारंटाइन रजा’ नांवाचा एक स्वतंत्र प्रकारच होता. नोकराच्या घरांत सांसर्गिक रोग निघाल्यामुळें त्यानें कचेरींत येऊं नये असें आरोग्याधिकाऱ्यानें लिहून दिल्यास, त्यास सामान्यतः २१ व विशेष प्रसंगीं ३० दिवसांपर्यंत ही रजा मिळे, आणि त्या काळांत तो कामावर गैरहजर होता असें धरीत नसत. समाजाच्या रक्षणाकरितां ज्यास घरीं बसविलें, त्याचें नुकसान त्या एकट्याच्या माथीं मारूं नये, हें तत्त्व त्या नियमांत स्पष्ट दिसतें. अर्थात् घरांत रोग निघणें आणि स्वेच्छेनें प्रवासास जाणें या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रवासास निघणाऱ्यानें आपला कांहीं भार आपण उचलावा हें न्याय्यच आहे. परंतु नियम आधीं ठाऊक असला तरच मनुष्यास विचार करून निघतां येतें. निघाल्यावर बदललेल्या नियमाचा सारा दंड त्याच्याकडून घेणें योग्य नव्हे.

मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें या रोगाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, आणि ते निर्बंध आतां इतिहासजमा झाले आहेत. तथापि सांथी पुन्हां येतात हें सहाशें वर्षांच्या अनुभवावरून दिसतें. आज शाळेंत बसलेल्या मुलांपैकीं कोणी उद्यां कचेरींत अधिकारी होईल, कोणी कारखान्याचा मालक होईल, कोणी ग्रामपंचायतींत बसेल. दिवसांची मुदत ठरविण्याचा किंवा कोणाच्या रजेच्या अर्जावर सही करण्याचा प्रसंग त्यांवर येईल. त्या वेळीं रोगाचें गणित तर त्यांनीं करावेंच. परंतु त्याच्या शेजारीं कामगाराच्या रजेचेंही गणित मांडावें. रजा पुरत नाहीं म्हणून जो नियम चुकवून रात्रींतून गांवांत शिरतो, तो गांवास धोक्यांत घालतो; आणि त्यास तसें करण्याची पाळी येऊं न देणें हें नियम करणाराच्या हातीं असतें. तोंपर्यंत आमच्या बालवाचकांनीं निदान एवढें करावें कीं, पुढल्या सुट्टींत प्रवासाचा बेत आंखला जात असतां आईवडिलांस त्यांच्या रजेचे किती दिवस उरले आहेत हें विचारावें, आणि हट्ट धरण्यापूर्वीं ते मोजून पाहावे.