घरच्या मिलिंग मशीनसाठी व्हीएफडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तीन फेजच्या मोटरवर चालणारे जुने मिलिंग मशीन कारखान्यातून निघून घराच्या गॅरेजमध्ये किंवा परसातल्या शेडमध्ये येते, तेव्हा पहिली अडचण विजेची असते. कारण घरगुती जोडणीवर बहुधा 230 व्होल्टची एकच फेज मिळते आणि मोटरच्या नेमप्लेटवर मात्र 415 व्होल्ट, तीन फेज असे कोरलेले असते. ही दरी सांधण्यासाठी आज बहुतेक जण व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, बसवतात. हे उपकरण पुरवठ्यातील एसी वीज प्रथम डीसीमध्ये बदलते, ती मोठ्या कपॅसिटरांमध्ये साठवते आणि आयजीबीटी या अतिजलद इलेक्ट्रॉनिक स्विचांनी सेकंदाला काही हजार वेळा तिची उघडझाप करून मोटरसाठी हव्या त्या वारंवारतेच्या, म्हणजे हर्ट्झच्या, तीन फेज तयार करते. फेज निर्माण करणे आणि वेग बदलणे ही दोन्ही कामे एकाच डब्यात होत असल्याने या ड्राइव्हकडून अपेक्षाही फार केल्या जातात, आणि खरेदी चुकते ती बहुधा त्या अपेक्षांमुळेच.

सर्वांत महागात पडणारी समजूत अशी, की एक फेज घेऊन तीन फेज देणारा ड्राइव्ह आपोआप 415 व्होल्टही देतो. साधा ड्राइव्ह जेवढे व्होल्टेज घेतो त्याहून अधिक मोटरला देऊ शकत नाही. 230 व्होल्ट एसीपासून सुमारे 325 व्होल्ट डीसी होते आणि तिच्यातून पुन्हा 230 व्होल्टच्या आसपासच्याच तीन फेज निघतात. इंडक्शन मोटरचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, तिच्यातील चुंबकत्वावर अवलंबून असतो आणि ते चुंबकत्व व्होल्टेज व वारंवारता यांच्या गुणोत्तराने ठरते. 415 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या मोटरसाठी हे गुणोत्तर 8.3 आहे. केवळ 230 व्होल्ट हाताशी असताना ते 27.7 हर्ट्झपर्यंतच राखता येते, त्यापुढे वारंवारता वाढते पण व्होल्टेज वाढत नाही. अशी मोटर मोकळी फिरताना अगदी निरोगी वाटते, परंतु 50 हर्ट्झवर तिचा कमाल टॉर्क मूळच्या एक-तृतीयांशाहूनही खाली उतरलेला असतो आणि स्टीलमध्ये कटर शिरताच ती बसते.

यावरचा उपाय बहुतेक वेळा मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येच असतो. लहान मोटरांची वाइंडिंग 415 व्होल्टसाठी बहुधा स्टारमध्ये जोडलेली असतात, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके एका बिंदूवर एकत्र आणलेली असतात, आणि त्यामुळे प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला प्रत्यक्षात 240 व्होल्टच येतात. बॉक्समध्ये सहा टर्मिनल असतील तर पट्ट्या बदलून तीच मोटर डेल्टामध्ये जोडता येते आणि मग 230 व्होल्टच्या ड्राइव्हवर ती जवळजवळ पूर्ण ताकदीने चालते. तीनच वायरी बाहेर आलेल्या असतील तर स्टारचा बिंदू वाइंडिंगच्या आत बांधलेला असतो. अशा वेळी मोटर टाकून न देता वाइंडरकडून तो बिंदू सोडवून तीन टोके बाहेर काढून घेता येतात, आणि हे काम नव्या मोटरपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. नेमप्लेटवर 415 व्होल्ट डेल्टा असे लिहिलेले असेल, जसे मोठ्या मोटरांवर असते, तर मात्र ही वाट बंद आहे. एका फेजवरून 380 किंवा 415 व्होल्ट देणारे, आत व्होल्टेज वाढवणारी मंडले असलेले ड्राइव्हही बाजारात मिळतात. त्यांच्या वाढीव व्होल्टेजचा सर्व भार अखेर घरच्या त्या एका फेजवरच पडतो, हे त्यांच्या जाहिरातीत ठळकपणे येत नाही.

येथेच दुसरी समजूत तपासून घ्यावी लागते : मोटर जेवढ्या एचपीची तेवढ्याच एचपीचा ड्राइव्ह घ्यावा, असे सर्रास सांगितले जाते. ड्राइव्हची निवड अँपिअरवर करायची असते. 1.5 एचपी म्हणजे 1.1 किलोवॅटची चार पोलची मोटर 415 व्होल्टवर स्टारमध्ये साधारण 2.5 अँपिअर घेते, पण डेल्टामध्ये 240 व्होल्टवर तिला 1.73 पट, म्हणजे सुमारे 4.3 अँपिअर लागतात. जुनी नेमप्लेट केवळ 2.5 चा आकडा दाखवत असेल आणि ड्राइव्ह त्यावरून घेतला असेल तर तो पहिल्याच जड कापाला ट्रिप होतो. मिलिंगमध्ये कटरचे दात थांबूनथांबून धातूवर आदळत असल्याने भार धक्क्याधक्क्याने येतो, म्हणून पंख्यासाठी असलेल्या हलक्या श्रेणीपेक्षा 60 सेकंदांपर्यंत 150 टक्के प्रवाह सोसणारी जड श्रेणी पाहून घ्यावी. इनपुटच्या बाजूचा आकडा आणखी मोठा असतो, कारण कपॅसिटर भरणारा प्रवाह व्होल्टेजच्या शिखरापाशी थोड्या वेळात एकवटून येतो, 2.2 किलोवॅटच्या एकफेजी ड्राइव्हचा इनपुट प्रवाह 20 अँपिअरच्या पुढे जातो आणि 16 अँपिअरचे सॉकेट त्याला पुरत नाही. तीन फेजच्या इनपुटसाठी बनवलेला ड्राइव्ह एका फेजवर चालवायचा झाल्यास, निर्मात्याची तशी परवानगी असेल तरच, त्याची क्षमता साधारण निम्मी धरावी लागते.

आता ज्या समजुतीपायी चांगली मशीने दुबळी होतात तिच्याकडे वळता येईल. ड्राइव्ह बसवल्यावर बेल्ट बदलण्याची आणि गिअर टाकण्याची कटकट संपली, असे मानले जाते. वस्तुस्थिती अशी, की 50 हर्ट्झच्या खाली टॉर्क उत्तम स्थितीत साधारण तेवढाच राहतो, वाढत नाही. आणि शक्ती म्हणजे टॉर्क व वेग यांचा गुणाकार असल्याने वेग जेवढा उतरतो तेवढीच शक्तीही उतरते. टूलरूममध्ये एमवन टीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टरेट मिलिंग मशीनवर 1.5 एचपीची मोटर आहे आणि बेल्ट 500 फेऱ्यांच्या पुलीवर आहे, असे समजू. हायस्पीड स्टीलच्या 12 मिलिमीटर एंडमिलला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला 25 मीटर या कर्तनवेगाने सुमारे 660 फेऱ्या लागतात, तेव्हा वारंवारता 66 हर्ट्झपर्यंत नेऊन ते काम सहज भागते. त्याच स्टीलमध्ये 63 मिलिमीटर व्यासाचा कटर लावला तर मात्र 126 फेऱ्याच हव्या असतात. केवळ ड्राइव्हने त्या मिळवायच्या तर 12.6 हर्ट्झवर यावे लागते, स्पिंडलचा टॉर्क सुमारे 21 न्यूटन-मीटरवरच थांबतो आणि 1.1 किलोवॅटपैकी जेमतेम 275 वॅट कटरपर्यंत पोचतात. तोच वेग बॅकगिअरने मिळवला तर, गिअरमधील घट वजा जाता, टॉर्क 80 न्यूटन-मीटरच्या घरात जातो. म्हणजे लहान कटरला जोर कमी आणि वेग जास्त लागतो, मोठ्या कटरला नेमके उलट, आणि ही अदलाबदल पुली आणि गिअरच करू शकतात. ड्राइव्हचे खरे काम दोन पुल्यांमधला मधला वेग देणे हे आहे, आणि ते तो इतके उत्तम करतो की कटरची थरथर थांबवण्यासाठी चालू कामात वेग दहा टक्के इकडेतिकडे करणे ही एरवी अशक्य असलेली सोय त्यातून मिळते.

या युक्तिवादाला उत्तर म्हणून व्हेक्टर कंट्रोलचे नाव घेतले जाते. मोटरच्या प्रवाहाचे चुंबकत्व निर्माण करणारा आणि टॉर्क निर्माण करणारा असे दोन भाग करून ते स्वतंत्रपणे सांभाळणारी ही पद्धत 1960च्या दशकाच्या अखेरीस आणि 1970च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी मांडली, आणि आता ती स्वस्त ड्राइव्हमध्येही आली आहे. तिच्यामुळे 5-10 हर्ट्झवरही टॉर्क टिकतो, भार आल्यावर वेग कमी ढळतो, म्हणून साध्या व्होल्ट-हर्ट्झ पद्धतीपेक्षा ती घ्यावीच. मात्र मोटरचे आकडे भरून ऑटो-ट्यूनिंग केल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही आणि केले तरी टॉर्क चौपट करण्याची किमया तिच्याकडे नाही. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. 15 हर्ट्झवर प्रवाह पूर्ण आणि वारा नाममात्र अशी अवस्था होते, आणि तासभर असे काम चालले तर वेगळा पंखा बसवणे किंवा बेल्ट खाली घेणे याला पर्याय उरत नाही.

वरच्या दिशेने 100 हर्ट्झपर्यंत जाता येते हे खरे, परंतु तेथे टॉर्क निम्म्यावर आणि मोटर थांबण्यापूर्वीचा कमाल टॉर्क एक-चतुर्थांशावर येतो. शिवाय स्पिंडलच्या बेअरिंगची वेगमर्यादा ड्राइव्हला ठाऊक नसते. वीजबचतीचा दावा पंखे आणि पंपांच्या बाबतीत खरा असला, तरी मिलिंग मशीनवर त्याला फारसा अर्थ नाही. कपॅसिटर असलेली एकफेजी मोटर व्हीएफडीवर चालवण्याचा प्रयत्न तर करूच नये, कारण कमी वेगावर तिचा सेंट्रिफ्यूगल स्विच पुन्हा जोडला जाऊन स्टार्टिंग वाइंडिंग जळते.

जुनी मोटर ड्राइव्हच्या तुकड्यातुकड्यांच्या विजेने जळते, ही भीती अर्धी खरी आहे. केबल लांब असेल तर मोटरच्या टोकाशी व्होल्टेजची शिखरे डीसीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतात. 415 व्होल्टच्या ड्राइव्हवर ती 1,100 व्होल्टच्या पुढे जातात, पण 230 व्होल्टच्या ड्राइव्हवर 650च्या आसपासच राहतात, आणि घरच्या शेडमधल्या दोन-तीन मीटर केबलवर तीही क्वचितच पूर्ण उंची गाठतात. त्यापेक्षा खरा धोका मशीनवरच्या जुन्या फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचचा आहे. तो ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये तसाच ठेवून चालू भारात फिरवला तर आयजीबीटी जातात. म्हणून मोटर ड्राइव्हला थेट जोडून त्या स्विचचा उपयोग फक्त ड्राइव्हच्या 24 व्होल्टच्या कंट्रोल टर्मिनलांना आदेश देण्यासाठी करावा. कूलंट पंप आणि दिवा यांनाही ड्राइव्हच्या आउटपुटवरून वीज देऊ नये.

जुन्या स्टार्टरमध्ये एक गुण होता : वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटत असे आणि वीज आल्यावर हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नसे. ड्राइव्हला साधा चालू-बंद खटका जोडलेला असेल आणि तो चालूवरच राहिला असेल, तर काही ड्राइव्ह वीज परतताच स्पिंडल फिरवू लागतात. म्हणून स्टार्ट व स्टॉप अशी दोन वेगळी बटणे लावणारी तीन वायरींची जोडणी करावी आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय पॅरामीटरमध्ये बंद ठेवावा. ईएलसीबी वारंवार पडू लागला की तो काढून टाकण्याचा सल्लाही सहज दिला जातो. तो पडण्याचे कारण बहुधा ड्राइव्हमधल्या फिल्टरचा अर्थिंगकडे जाणारा गळती-प्रवाह असते, आणि त्यावर निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचा ईएलसीबी व पक्के अर्थिंग हाच उपाय आहे.

ड्राइव्हला बसवायची जागाही विचारपूर्वक ठरवावी लागते, कारण आयपी20 श्रेणीच्या उघड्या ड्राइव्हमध्ये धातूचा कीस शिरला की आतला बोर्ड शॉर्ट होतो, आणि तो पूर्ण बंद पेटीत कोंबला तर स्वतःच्याच उष्णतेने ट्रिप होतो. तेव्हा मशीनपासून दूर, भिंतीवर, फिल्टर लावलेल्या आणि पुरेशी मोकळी जागा असलेल्या पेटीत तो बसवावा. पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे पुरेसे नसते. कपॅसिटरांमधले 325 व्होल्ट उतरायला ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेला वेळ, बहुधा पाच ते दहा मिनिटे, जाऊ द्यावा आणि मग मल्टिमीटरने डीसी टर्मिनलांवर खात्री करून घेऊनच आत हात घालावा.