अकरा वेळा तेच पुस्तक

गलोंड्याचं वाचनालय चालवणाऱ्या बाईंनी फोनवर बोलता बोलता सांगितलं, "एका मुलानं एकच पुस्तक अकरा वेळा नेलंय. आणि त्यात लिहिलेली गोष्ट नाही, नुसती चित्रं." पुढे त्या नव्या कपाटाबद्दल आणि पावसाबद्दल बोलत राहिल्या, पण माझं लक्ष त्या अकरावर अडकलं होतं. पुढच्याच शनिवारी मी गलोंड्याला गेले.

सिल्वासा सोडलं की कंपन्यांच्या भिंती हळूहळू मागे पडतात आणि भातखाचरं सुरू होतात. बाईंचं वाचनालय म्हणजे एका घराची ओसरी आणि पत्र्याची एक मोठी पेटी. पेटीचं झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा वास अंगावर येतो. ओलीमुळे पुस्तकांना कसर लागते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात गोळ्यांची पुरचुंडी. घरी परतल्यावरही माझ्या ओढणीला तो वास होता.

सतरंजी अंथरायची, पुस्तकं काढायची, वहीत तारीख टाकायची, ही नेहमीची कामं. त्यानंतर बाई भिंतीला आडवी दोरी बांधतात आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगतात, मुखपृष्ठ समोर येईल अशी. सगळं त्या दोरीवरच ठरतं. कपाटात उभी लावलेली पुस्तकं मुलांना फक्त कडेने दिसतात, आणि ज्याला अजून वाचता येत नाही त्याला त्या कडेवरच्या अक्षरांचा काय उपयोग? दोरीवर हत्ती हत्तीसारखा दिसतो. पाऊस दिसतो. रुसलेली मुलगी दिसते.

निवड कशी होते ते मी दीड तास बघत बसले होते. पुस्तक कुणीही पहिल्या पानापासून उघडत नाही. मधूनच उघडतात, दोन पानं बघतात, मिटतात. मग ते पोटाशी धरून दुसरं बघतात, म्हणजे पहिलं कुणी नेऊ नये. एक मुलगी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघत होती. दोघं भाऊ एकाच पुस्तकावर भांडले आणि शेवटी मांडीला मांडी लावून बसले, अर्धं पुस्तक याच्या गुडघ्यावर, अर्धं त्याच्या.

तो मुलगा दोरीकडे गेलाच नाही. पेटीच्या डाव्या कोपऱ्यात हात घालून त्यानं आपलं पुस्तक काढलं. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन', ज्योत्स्ना प्रकाशनाचं. पाठीला चिकटपट्टीचे तीन थर. आत माणसांनी गजबजलेली मोठी चित्रं, मुलांनी बघावं आणि बोलावं म्हणून काढलेली. तो बोलत होता. पण मराठीत नाही, आपल्या वारलीत. चित्रातल्या एका बाईवर बोट ठेवून त्यानं तिला आत्या केलं, कडेच्या म्हाताऱ्याला आजा केलं, आणि मग कुणी कुणाला काय म्हटलं ते सांगत सुटला. बाई म्हणाल्या, "दर वेळी वेगळं सांगतो. मागच्या शनिवारी हीच बाई कंपनीतून सुटली होती."

इथे घरात वारली, नाहीतर कोकणा, नाहीतर धोडिया. शाळेत गुजराती किंवा मराठी, आणि कारखान्यात हिंदी. सहा वर्षांच्या मुलाला पहिलं पुस्तक हातात मिळतं तेच परक्या भाषेतलं. चित्राला मात्र कुठलंच माध्यम नसतं. त्या पुस्तकासमोर हा मुलगा अडाणी ठरत नाही, उलट सांगणारा तोच असतो. अकरा वेळा ते नेण्याचं याहून मोठं कारण मला तरी दिसत नाही.

मी बरोबर एक पुस्तक नेलं होतं, चेन्नईच्या तारा बुक्सचं 'डू!'. रमेश हेंगडी, शांताराम धडपे आणि इतर वारली चित्रकारांनी काढलेलं, खाकी कागदावर हातानं छापलेलं. वारली मुलं त्यावर झेप घेतील अशी माझी खात्री होती. पहिला अर्धा तास कुणी त्याला हात लावला नाही. मोठ्यांनी मुलांच्या वतीने केलेल्या निवडीचं असंच होतं. नंतर त्या शेवटचं पान आधी बघणाऱ्या मुलीनं ते उचललं, मागून पुढे चाळलं आणि आपलं म्हणून बाजूला ठेवलं. मला ते अर्धा तास वाट बघणं आवश्यक वाटतं. मी "हे घे" म्हटलं असतं तर ते पुस्तक माझंच राहिलं असतं.

मुलाला निवडू द्यावं ही गोष्ट या पट्ट्याला नवी नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, अनुताई वाघांना सोबत घेऊन. माँटेसरींची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, खडे आणि बिया मुलांपुढे ठेवल्या. मुलाच्या हाताला जे ओळखीचं, तिथून सुरुवात. गलोंड्याच्या दोरीवरची पुस्तकं बघताना मला कोसबाड आठवत होतं.

"आधी मी त्याला म्हणायचे, आता दुसरं घे," बाई म्हणाल्या. "चौथ्या-पाचव्या वेळेनंतर सोडून दिलं." त्यांनी सोडलं हे फार बरं झालं. वाचनाची पातळी, पुस्तकांची संख्या, बोध, हे हिशेब मोठ्यांचे. अकरा वेळा एकच पुस्तक नेणारा मुलगा वाचनात मागे पडलेला नाही.

अडचण वेगळीच आहे. बाईंनी वहीचं मागचं पान दाखवलं. तिथे पेन्सिलीने पाच नावं लिहिलेली होती, सगळी याच पुस्तकासाठी थांबलेली. प्रत एकच.

आणि पेटीच्या तळाशी? लोकांनी प्रेमाने पाठवलेली जुनी पाठ्यपुस्तकं, दहावीची गाईडं, पानं गळालेल्या बोधकथा. त्यांना कुणी हात लावत नाही, डांबरगोळ्या मात्र त्यांनाही लागतात.

तुमच्या ओळखीच्या कुठल्याही गावच्या वाचनालयाला पुस्तकं द्यायची असतील, तर आधी तिथल्या बाईंना फोन करा. कोणतं पुस्तक फाटलं आहे ते विचारा, आणि त्याच पुस्तकाच्या दोन प्रती पाठवा.