नागपूरच्या मंचावरील इलेक्ट्रिक गिटार : बदलत्या ब्रँडचा मागोवा

नागपुरात इलेक्ट्रिक गिटार रुळली ती हिंदी चित्रपटगीतांचे बोट धरून. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये भूपिंदर सिंग यांनी आणि १९८० सालच्या ‘कर्ज’मध्ये गोरख शर्मा यांनी वाजवलेली गिटार श्रोत्यांच्या कानांत अशी ठसली, की गणेशोत्सवातील किंवा लग्नाच्या स्वागतसमारंभातील ऑर्केस्ट्राला ती गाणी टाळता येईनात, आणि ती वाजवायची तर विजेवर चालणारी गिटार हवीच होती. पुढे भीमजयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांतही कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांच्या जोडीला तिने आपली जागा मिळवली. या काळात वादकांच्या हातातील गिटारीवरचे नाव अनेकदा बदलले. हा बदल हौस किंवा प्रतिष्ठा यांच्या खाती टाकण्याची प्रथा आहे; परंतु त्याचा क्रम लक्षपूर्वक पाहिला, तर बाजारात काय मिळत होते आणि मंच काय मागत होता, या दोन गोष्टींनीच तो बहुतांशी ठरवला, असे दिसते.

१९९१च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परवाने आणि जबर सीमाशुल्क यांमुळे परदेशी वाद्य सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते. फेंडर किंवा गिब्सन ही अमेरिकी गिटार परदेशातून परतणाऱ्या एखाद्याच्या सामानातून आली, तरच पाहायला मिळे. रोजच्या कामाची गिटार कोलकात्याची असे. गिवसन, हॉबनर या तिथल्या नावांत परदेशी नावांचा नाद ऐकू येतो. तिचा नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायचा लांब दांडा, जाड असे आणि तारा बोटे दाबायच्या पट्टीपासून बऱ्याच उंच असत, त्यामुळे तीन तासांच्या कार्यक्रमानंतर बोटांची टोके हुळहुळी होत. तरीही ती परवडत होती आणि बिघडली तर गावातच दुरुस्त होत होती, आणि एका संपूर्ण पिढीचा हात तिच्यावरच बसला, हे तिचे श्रेय कमी लेखता येणार नाही.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील अखेरची परिमाणात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली. तोवर मोठ्या कंपन्यांनी आपली स्वस्त गिटार कोरिया, चीन, इंडोनेशिया या देशांत बनवून घेण्यास सुरुवात केलेलीच होती. फेंडरच्या छत्राखालील स्क्वायर, गिब्सनच्या मालकीची एपिफोन, शिवाय यामाहा, कोर्ट, आयबनेझ ही नावे त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत पोचली. ब्रँड निवडणे हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

या निवडीत सर्वांत निर्णायक ठरला तो पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले, चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांनी बनलेले, कंपनांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे उपकरण. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप होते. त्यांचा आवाज स्वच्छ आणि धारदार असतो. मात्र आसपासच्या वीजवाहिन्यांतील ५० हर्ट्झची गुणगुणही ते उचलतात. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी मांडलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी उलट दिशांनी जोडलेली आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण परस्परांत विरून जाते आणि तारांचा आवाज मात्र दुणावतो. मंडपातील तात्पुरती वायरिंग, धड न केलेले अर्थिंग, दिव्यांचे डिमर आणि भारनियमनाच्या वर्षांतील जनरेटर या सर्वांमध्ये एकेरी पिकअपची गिटार दोन गाण्यांच्या मध्ये सतत घूं करत राही. जुन्या गाण्यांत ते झाकले जाई. २००८चा ‘रॉक ऑन’ आणि २०११चा ‘रॉकस्टार’ यांनंतर श्रोते डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटलेला भरदार आवाज, मागू लागले, आणि डिस्टॉर्शनसोबत ती गुणगुणही कित्येक पट वाढू लागली. स्ट्रॅटोकास्टरसारखी एकेरी पिकअपची गिटार बाजूला ठेवून अनेकांनी एक हंबकर आणि दोन एकेरी पिकअप अशी रचना असलेल्या यामाहा पॅसिफिकासारख्या गिटारीकडे का वळावे, याचे उत्तर इथे आहे. एकाच कार्यक्रमात पंचमदांपासून रहमानपर्यंत सर्व वाजवणाऱ्यासाठी हीच रचना सर्वांत शहाणपणाची आहे.

काही जण आयबनेझच्या, १९८७पासून बनणाऱ्या आरजी मालिकेकडे गेले. तिचा पातळ नेक आणि वेगाने फिरणारा हात यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु तिच्या बऱ्याच नमुन्यांत फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज, म्हणजे तारांना गिटारीच्या अंगाशी पेलणारा भाग, असतो, ज्यात तारांचा ताण आणि मागील स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरतात. कार्यक्रम रंगात असताना एक तार तुटली की हा तोल ढळतो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. त्यामुळे स्थिर ब्रिजकडे परतणाऱ्या वादकाची निवड मागे गेलेली समजू नये. ती अनुभवाने पक्व झालेली असते.

नागपूरच्या हवेचा विचार मात्र फार थोड्यांनी केला. २३ मे २०१३ रोजी शहराचे तापमान ४७.९ अंश सेल्सियसवर गेले होते. अशा कोरड्या उन्हाळ्यात पट्टीचे लाकूड रुंदीत आकसते, तिच्यात बसवलेल्या फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या मात्र आकसत नाहीत, आणि त्यांची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला खरवडतात. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते, नेकचा बाक बदलतो, तारा फ्रेटवर खरखरतात किंवा उंच जातात. तेव्हा नेकमधील ट्रस रॉड नावाची पोलादी कांब पाव फेरा फिरवून तो बाक सुधारावा लागतो. पट्टीसाठी जगभर नावाजलेले भारतीय रोझवुड म्हणजे मध्य भारताच्या जंगलांतही वाढणारा शिसवच. २ जानेवारी २०१७पासून शिसवाच्या संपूर्ण वंशाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आल्यावर अनेक कंपन्यांनी पाव फेरो, लॉरेल अशी लाकडे वापरली आणि तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९मध्ये सूट मिळाली. एकाच ब्रँडच्या दोन वेगवेगळ्या वर्षांतील गिटारी हाताला वेगळ्या का लागतात, याचे हेही एक कारण आहे.

ब्रँड बदलताना मापही बदलते. फेंडर पद्धतीच्या गिटारीत तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर, तर गिब्सन पद्धतीत सुमारे ६२८ मिलिमीटर असते. आखूड मापात तार ओढणे सोपे जाते, पण सवयीची बोटे सुरुवातीच्या कार्यक्रमांत नेमकी चुकीच्या जागी पडतात. म्हणून भर हंगामात गिटार बदलणे टाळावे. नागपूरच्या वादकाने नवी गिटार शक्यतो मे महिन्यात पाहावी, नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून फ्रेटची टोके तपासावीत, ती डिस्टॉर्शन लावून तारा न छेडता ऐकावी, पट्ट्याने खांद्याला अडकवून अर्धा तास उभे राहावे, आणि वरचे नाव त्यानंतर वाचावे.