प्रार्थना सगळ्यांची, धर्मशिक्षण ज्याचं त्याचं

शाळेच्या पाटीवर ‘सेंट’ लिहिलं म्हणून ती शाळा कॅथलिक होत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चक्कर मारा. एखाद्या संताचं नाव, मुलांच्या गळ्यात टाय, फाटकावर इंग्रजी ब्रीदवाक्य असलेली शाळा हमखास दिसेल. चौकशी केली तर संस्थाचालक तिथलेच कुणी व्यापारी किंवा पुढारी निघतात आणि त्या संताचा नि चर्चचा संबंध पाटीपुरताच असतो. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1983च्या धर्मसंहितेतलं 803वं कलम सांगतं की, चर्चच्या अधिकाऱ्यांनी चालवलेली किंवा लेखी मान्यता दिलेली शाळाच कॅथलिक. त्यांच्या संमतीशिवाय ते नाव कुणी लावायचं नाही. शाळेवर देखरेख ठेवण्याचा हक्क त्या भागाच्या बिशपांना असतो.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे ‘मिशनची शाळा’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला जातो. उदाहरणार्थ नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळचं पुरुषोत्तमनगर, म्हणजे सहकारी नेते पी. के. अण्णा पाटलांच्या नावाचं, सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. इथल्या माणसाला मिशन म्हटलं की नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल आठवतं, नाहीतर नवापूरकडचं चिंचपाड्याचं हॉस्पिटल. ही दोन्ही कामं प्रोटेस्टंट परंपरेतली. कॅथलिकांची घडण वेगळी: बिशप, त्यांच्या हाताखाली धर्मग्रामं, प्रत्येक धर्मग्रामाला धर्मगुरू, आणि शाळा बहुतेक वेळा धर्मभगिनींच्या किंवा येशूसंघासारख्या संन्यासी संघाच्या हाती. नंदुरबार जिल्हा नाशिकच्या बिशपांच्या अखत्यारीत, म्हणजे नाशिक धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत 1987 साली पुणे धर्मप्रांतापासून वेगळा झाला आणि फादर थॉमस भालेराव हे येशूसंघीय त्याचे पहिले बिशप झाले.

याच धर्मप्रांतात पुरुषोत्तमनगरला शोभेल असं एक भावंड आहे: श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. तेही साखरेचंच गाव. बेलापूर कंपनीचा कारखाना, कंपनीचे उसाचे मळे, कामगारांच्या चाळी, आणि त्या चाळींना लागून येशूसंघीयांनी उभारलेलं चर्च व शाळा. कारखाना केव्हाच बंद पडला. चर्च आणि शाळा राहिल्या, आणि राहिली मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा. तिचा जन्मदिवस 8 सप्टेंबर. त्या सुमारास नऊ दिवसांचा नोव्हेना होतो आणि मग नगर, नाशिक, संभाजीनगरकडून माणसं येतात. कुणी पायी येतं, कुणी टेंपोत भाकरी बांधून येतं. गर्दीत ख्रिस्ती असतात तसे नवस बोललेले हिंदूही असतात. सुमारे पाऊणशे वर्षं ही यात्रा भरते आहे. आपल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीची यात्रा ज्याने पाहिली आहे त्याला हरेगावात अनोळखी वाटणार नाही, घोडेबाजार तेवढा नाही.

हरेगाव ज्या नगर जिल्ह्यात आहे, तिथल्या येशूसंघीय मिशनची गोष्ट शाळेशिवाय सांगताच येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळ, वळण या राहुरीकडच्या गावांत काम सुरू झालं तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेले लोक बहुतांशी महार-मांग समाजातले होते. गावच्या शाळेत त्यांच्या मुलांना बसायला जागा नव्हती. बसू दिलंच तर दाराबाहेर. म्हणून मिशनने वाडीवर मास्तर नेमला. हा मास्तर सकाळी बाराखडी शिकवी, संध्याकाळी प्रार्थना घेई, रविवारी फादर घोड्यावरून आले नाहीत तर उपासनाही चालवी, आणि कुणाची जमीन अडली, कुणाच्या घरी तंटा झाला तर मध्यस्थीही त्याच्याकडेच. शाळा, देऊळ आणि पंचायत एकाच माणसाच्या अंगावर. पुढे मोठ्या ठाण्यांवर बोर्डिंग आली. आईबाप कामाच्या मागे गेले तरी पोरगं शाळेत टिकलं ते बोर्डिंगमुळे. माझ्या मते नगरच्या ख्रिस्ती समाजात शिक्षक आणि नर्स यांची जी फळी उभी राहिली, तिचं श्रेय प्रवचनांपेक्षा या बोर्डिंगच्या भाकरीला जास्त आहे.

आता प्राथमिक शाळेच्या आत डोकावू. कॅथलिक शाळेत धर्माच्या दोन वेगळ्या वाटा असतात, आणि बाहेरच्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. पहिली वाट धर्मशिक्षणाची. ती फक्त कॅथलिक मुलांसाठी. त्या तासाला बाकीच्या वर्गाला मूल्यशिक्षण असतं, किंवा धर्मशिक्षण रविवारी मिस्सानंतर, म्हणजे सामूहिक उपासनेनंतर, चर्चमध्येच होतं. या वाटेवरचा मोठा टप्पा म्हणजे प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा संस्कार. पूर्वी तो दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान होई. 1910 साली पोप पायस दहावे यांनी ठरवलं की, मुलाला बरंवाईट कळू लागलं, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, की त्याला तो द्यावा. त्या एका निर्णयाने प्राथमिक शाळेचं वजन वाढलं. तिसरी-चौथीतली पोरं पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्ती घेऊन रांगेने चर्चमध्ये जातात, त्याआधी काही महिने त्यांची तयारी चालते, आणि त्या निमित्ताने आईबापांनाही शाळेच्या आणि चर्चच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दुसरी वाट सगळ्यांची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. तिला वेगळा तास नसतो, ती वेळापत्रकभर पसरलेली असते. सकाळची प्रार्थना, डबा उघडण्याआधी दोन क्षण थांबणं, वर्गात कुणाच्या घरी आजारपण किंवा मृत्यू झाला तर त्याचं नाव घेऊन सगळ्यांनी शांत उभं राहणं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात वर्गात एक डबा ठेवला जातो. मुलांनी गोळी-चॉकलेटचे पैसे त्यात टाकायचे, किती टाकले हे कुणी विचारायचं नाही. या पद्धतीचं मूळ बरंच जुनं आहे. 1843 साली फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप फोर्बँ-जान्सों यांनी मुलांसाठी एक संघटना काढली. नियम दोनच होते: रोज एक लहानशी प्रार्थना आणि महिन्याला एक सू, म्हणजे तिथला अगदी किरकोळ पैसा, दूरच्या अनोळखी मुलांसाठी. मुलांनी मुलांना मदत करायची ही कल्पना तिथून जगभरच्या कॅथलिक शाळांत गेली. रक्कम किरकोळ ठेवण्यात शहाणपण होतं: गरिबाच्या पोरालाही देणारा होता यावं.

सेल्सियन संघाच्या शाळा-वसतिगृहांत आणखी एक प्रथा आहे. त्यांचे संस्थापक डॉन बॉस्को यांनी इटलीतल्या तुरीन शहरात रस्त्यावरच्या पोरांना गोळा केलं. शिक्षा करून सुधारण्यापेक्षा चुकायची वेळच येऊ नये इतकं जवळ राहायचं, अशी त्यांची रीत. दिवस संपताना प्रमुखाने मुलांशी दोन-चार मिनिटं गप्पा माराव्यात, दिवसात काय घडलं ते सांगावं, आणि झोपायला पाठवावं. प्रवचन झोडायचं नाही. वसतिगृह चालवणाऱ्या कुणालाही विचारा, या चार मिनिटांची किंमत तो सांगेल.

हे सगळं खानदेशाला परकं वाटायचं कारण नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणं, त्यांचे कपडे आवरून ठेवणं, रोज हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढणं हे त्यांचं धर्मशिक्षण होतं. त्याला त्यांनी ते नाव दिलं नाही एवढंच. शहाद्यात पी. के. अण्णांनी शिक्षणसंस्था काढली तीही पूज्य साने गुरुजींच्या नावाने. गुरुजींची प्रार्थना म्हणत वाढलेल्या माणसाला कॅथलिक शाळेतली चांगली सिस्टर काय करू पाहते हे समजवावं लागत नाही. दोघांचंही म्हणणं असं की मुलाला मूल्यं कळतात ती मोठ्यांच्या वागण्यातून, फळ्यावरच्या सुविचारातून नव्हे. फरक एवढाच की गुरुजी गेले की छात्रालय बदलतं. सिस्टर बदलली तरी संघ दुसरी पाठवतो. संस्था म्हणून ही सोय मोठी आहे.

आता पालकांच्या मनातला प्रश्न, जो सभेत कुणी विचारत नाही आणि घरी सगळे बोलतात: पोराला बाटवणार तर नाहीत ना? राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदाचा तिसरा भाग यावर आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. 30वा अनुच्छेद अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो, पण तो हक्क 28व्याला ओलांडत नाही. चर्चच्या बाजूनेही हे मान्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर 1965 मध्ये शिक्षणावरची घोषणा काढली, तिच्यात कॅथलिकेतर मुलं शिकतात त्या शाळांबद्दल आस्थेने लिहिलं आहे. भारतीय बिशपांच्या परिषदेने 2024 मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळी घटनेची उद्देशिका म्हणून घ्या, स्वातंत्र्यसैनिक, शास्त्रज्ञ, कवी यांची चित्रं लावा, शक्य तिथे सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. देशाच्या काही भागांत शाळांवर मोर्चे गेले, दबाव आला, त्या पार्श्वभूमीवर या सूचना निघाल्या हे खरं. भीतीपोटी आलेला नियमही चांगला असू शकतो.

माझी तक्रार वेगळी आहे. धर्मांतराच्या चर्चेत आपण इतके गुंततो की खरोखर ढळलेला भाग नजरेआड होतो. वसईत धर्मग्रामांनी मराठी शाळा चालवल्या. तिथल्याच नंदाखालच्या अशा वातावरणात वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आज त्याच वसईतल्या कॅथलिक घरांतून मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमात जातात आणि मराठी वर्ग ओस पडत चालले आहेत. शहरोशहरी ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे प्रतिष्ठा, मुलाखती आणि फी. वाडीवरचा मास्तर ज्यांच्यासाठी नेमला होता त्यांची नातवंडं यातल्या किती शाळांच्या आत पोचतात? शिक्षणहक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांची सक्ती अल्पसंख्याक शाळांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014च्या प्रमती निकालात तसं ठरवलं. 2025 मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवो. सक्ती नसताना गरिबाचं पोर स्वतःहून घेणं हीच अशा शाळेची श्रद्धा मोजायची जागा आहे, असं मला वाटतं.

आणि ही मोजणी नंदुरबार जिल्ह्याइतकी कठोर क्वचित कुठे होईल. 2011च्या जनगणनेत इथले सुमारे 69 टक्के लोक आदिवासी होते आणि साक्षरता राज्यात सगळ्यात कमी, 64 टक्क्यांच्या आसपास. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला जातात. पोरं बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या मागे जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. शिवाय घरात भिली किंवा पावरी, पुस्तकात मराठी. शहाद्याने 1972च्या सुमारास आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेचा लढा पाहिला आहे. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग महाराजांनी ज्या शेतमजुरांना उभं केलं आणि हे मजूर ज्यांच्या शेतांवर राबत होते, त्या दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसली तर ‘समुदाय’ या शब्दाला इथे अर्थ येईल. कॅथलिक शाळा असो, आश्रमशाळा असो की कारखान्याची, तिला या कसोटीतून सुटका नाही.

जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फी किती हे तुम्ही विचारालच. त्याच खिडकीवर हेही विचारा: प्रार्थनेत काय म्हटलं जातं, धर्मशिक्षणाच्या तासाला आमचं मूल कुठे असेल, आणि त्यासाठी आमची लेखी संमती घेता का. चांगली शाळा या प्रश्नांनी रागावत नाही. मग शेवटचं एक विचारा: ऊसतोडीला गेलेल्या घरांची किती मुलं या वर्गात आहेत, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती कुठे राहतात, कोण जेवू घालतं. प्रवेश घ्यायचा की नाही ते या उत्तरावर ठरवा.