यंत्रातला रस्ता आणि खरा रस्ता

बंद खोलीत एक तरुण बसलेला आहे. त्याच्या हाती मोटारीचे चाक आहे, पायाशी ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर आहेत आणि समोरच्या पडद्यावर पावसाने भिजलेला रस्ता पळतो आहे. वळणावर एकाएकी ट्रक समोर येतो. तरुण घाईने चाक फिरवितो, ब्रेक दाबतो. परंतु उशीर झालेला असतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि तरुणाला हसू येते. शिक्षकही हसतात, आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. त्यात बसलेला मनुष्य ज्या रीतीने मोटार हाकतो, त्याच रीतीने तो खऱ्या रस्त्यावर हाकील काय? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. रस्ते आखणारे इंजिनिअर, थकव्याचा व मद्याचा परिणाम तपासणारे वैद्य आणि परवाने देणारी सरकारे हे सर्व आज या यंत्राच्या साक्षीवर कमीअधिक विसंबतात.

ही कल्पना विमानविद्येकडून आली. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यातील भाते वापरून जमिनीवरच डोलणारे नकली विमान तयार केले. १९३४ साली टपाल वाहून नेणाऱ्या लष्करी वैमानिकांपैकी कित्येक अपघातात दगावले, तेव्हा सैन्याने ही यंत्रे विकत घेतली. पुढे १९८५ साली डेमलर-बेंझ कंपनीने बर्लिन येथे हलत्या पायांवर उभारलेल्या घुमटात मोटार ठेवून तिचे मोठे सिम्युलेटर सुरू केले. परंतु विमानापेक्षा मोटारीचे सोंग वठविणे अधिक कठीण आहे. आकाश बहुधा मोकळे असते. रस्त्यावर मात्र हातभर अंतरावर सायकलस्वार असतो, आणि क्षणाक्षणाला वेग बदलावा लागतो.

वेग मनुष्याला केवळ डोळ्यांनी कळत नाही. आसनाला बसणारे हादरे, इंजिनाचा आवाज, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि दोन्ही बाजूंनी मागे सरणारी झाडे या सर्वांच्या मेळातून तो जाणवतो. पडदा अरुंद असला की बाजूची झाडे नाहीशी होतात आणि वेग आहे त्याहून कमी भासतो. वेगवाढीचा धक्का देण्यासाठी यंत्र एक युक्ती योजते. समोरचे चित्र सपाट ठेवून बसण्याची केबिन हळूच मागे कलविली जाते, आणि पाठीवर पडणारा स्वतःच्याच वजनाचा दाब तो मनुष्य वेगवाढ समजतो. मंद हालचालीपुरती ही फसवणूक उत्तम साधते. जोराचा ब्रेक मात्र अशा कलण्याने दाखविता येत नाही, कारण केबिन झटकन कलली की युक्ती उघडी पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागल्यावर थांबण्यास सुमारे २० मीटर घेते. तो धक्का जसाच्या तसा द्यावयाचा तर यंत्रालाच तितकी धाव घेता आली पाहिजे. टोयोटा कंपनीने २००७ साली जपानमध्ये जे सिम्युलेटर उभारले, त्याचा घुमट ३५ मीटर लांब व २० मीटर रुंद जागेत सरकतो, तो यासाठीच. शिकाऊ चालकांच्या वाट्याला येणारी बहुतेक यंत्रे जागच्या जागी खिळलेली असतात.

तेव्हा यंत्राची साक्ष खरी मानावी की खोटी? हॉलंडमधील संशोधक ब्लाऊ यांनी १९८२ साली या प्रश्नाचे दोन भाग केले. यंत्रात मोजलेला आकडा रस्त्यावरील आकड्याशी तंतोतंत जुळतो काय, हा एक भाग. आकडे न जुळले तरी अवघड रस्त्यावर चालक जसा प्रत्यक्षात बदलतो, तसाच आणि त्याच दिशेने तो यंत्रातही बदलतो काय, हा दुसरा. यंत्रात आणि खऱ्या मोटारीत तुलना केली असता दिसले की, गाडी आपल्या पट्ट्यात सरळ ठेवण्याच्या कामी पहिली कसोटी फसते, कारण गाडी बाजूला सरकल्याची जाणीव यंत्रात क्षीण असते. दुसरी कसोटी मात्र बरीचशी उतरते.

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली तपासणी याच धर्तीची होती. चौकाच्या व वळणाच्या अलीकडे रस्त्यावर आडवे खडबडीत पट्टे आखले की चालक वेग कमी करतात. २४ जणांनी खऱ्या रस्त्यावर आणि २० जणांनी यंत्रात अशा पट्ट्यांवरून गाडी नेली. पट्ट्यांचा परिणाम दोन्हीकडे सारख्याच स्वरूपाचा दिसला. पण एकंदर वेग खऱ्या मोटारीत अधिक होता. यात नवल असे की, इतर कित्येक प्रयोगांत लोक यंत्रातच अधिक वेगाने हाकतात असे आढळले आहे. म्हणजे यंत्रातील वेगातून ठरावीक वजाबाकी केली की खरा वेग मिळतो, असा सोयीचा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक यंत्र त्याच्या त्याच्या रस्त्याशी ताडून पाहावे लागते, आणि हे कष्ट घेण्याचा कंटाळा फार जणांना असतो.

नॉर्वेमधील लॅर्दाल येथे २४.५ किलोमीटर लांबीचा बोगदा २००० साली खुला झाला. इतक्या लांब अंधाऱ्या नळीत चालकाला कंटाळा येईल, भीतीही वाटेल, म्हणून बोगद्यात तीन ठिकाणी प्रशस्त गुहा कोरून तेथे निळा व कडेला पिवळा प्रकाश ठेवला आहे. उजाडत असल्याचा भास व्हावा हा हेतू. हा आराखडा खडक फोडण्यापूर्वी सिम्युलेटरमध्ये तपासून पाहण्यात आला. दोन आराखड्यांपैकी बरा कोणता, हा प्रश्न यंत्राला विचारण्याजोगाच होता.

झोपेची गोष्ट वेगळी. फ्रान्समधील संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना कधी ८ तास, तर कधी केवळ २ तास झोपू दिले आणि खऱ्या महामार्गावर व यंत्रात त्यांची परीक्षा घेतली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार थकवा दोन्हीकडे दिसला, परंतु यंत्रात झोप अधिक जाणवली आणि हालचालीही अधिक मंदावल्या. खऱ्या रस्त्यावर जिवाची भीतीच मनुष्याला काही काळ जागे ठेवीत असावी. यंत्रात ती भीती नसते. शिवाय काहींना यंत्रात मळमळते, कारण डोळे धावत असतात आणि शरीर स्थिर असते. वृद्ध चालक यामुळेच प्रयोग अर्ध्यावर सोडून अधिक संख्येने उठतात, आणि ज्यांची काळजी सर्वांत जास्त, त्यांचेच आकडे कमी पडतात.

डोळ्यांची सवय मात्र यंत्रातून रस्त्यावर येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डोनाल्ड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना संगणकाच्या पडद्यावर धोक्याच्या जागा हेरण्यास शिकविले. उभ्या बसच्या आडून कोणी धावत येईल काय, ही ती दृष्टी. पुढे त्यांची नजर यंत्राने टिपली, तेव्हा हे शिकलेले तरुण सिम्युलेटरमध्ये आणि खऱ्या रस्त्यावरही अशा जागांकडे इतरांपेक्षा अधिक वेळा पाहताना आढळले.

भारतात १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आणि सरावाचा स्वतंत्र मार्ग, दोन्ही आवश्यक ठरविले. हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा ठरला, आणि तो उत्तीर्ण होणाऱ्याला परवान्यासाठी परिवहन कचेरीत पुन्हा गाडी चालवून दाखविण्यातून सूट मिळाली. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या नवख्या चालकाच्या दृष्टीने ही सूट लहान नव्हे. गिअर, क्लच व आरसा यांचा क्रम हातापायांत बसविणे आणि धोका आधी हेरणे ही दोन कामे यंत्रावर खुशाल सोपवावीत. धुक्यात, ओल्या उतारावर ब्रेक कितपत दाबला म्हणजे गाडी किती अंतरात उभी राहते, हे शिकविण्यासाठी मात्र आवारातील तो मार्गच हवा, आणि त्यानंतर शेजारी शिक्षक बसलेला खरा घाट.